बाळंतपणाला आलेली खडस

भिवंडीत मी मासे वाढवते असं सांगितलं की लोक आधी हसायचे. भिवंडीत लूम असतात, सायझिंगचे कारखाने असतात. मासे असतात ते बाजारात, टोपलीत, मेलेले. माझ्या मावशीने तर माझ्या लग्नाच्या बोलणीत एवढंच सांगायचं ठरवलं होतं की मुलगी सरकारी नोकरीत आहे. कसली ते विचारलंच, तर पाण्याशी संबंधित. म्हणजे समोरचे पाणीपुरवठा समजतील आणि खूश होतील. मला त्याचा राग यायचा. तसा तेव्हा मला बऱ्याच गोष्टींचा राग यायचा आणि तो लपवायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मी मत्स्यबीज केंद्रात लागले होते. केंद्र म्हणजे गाव संपतं तिथे, शेवटच्या लूमना लागून, अंबाडीच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड, सिमेंटच्या काही टाक्या, एक विहीर आणि तिच्यावर पंप. शेतकऱ्यांच्या तळ्यांसाठी कटला-रोहूची पिल्लं तयार करायची आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत घालून द्यायची, हे आमचं काम. नदीचं पाणी वापरायची सोय नव्हती. गावातली नदी त्या दिवशी ज्या रंगाचं कापड रंगलं असेल त्या रंगाची वाहायची. विहीर होती म्हणून आमचं चाललं होतं.

माझ्या डोक्यात मात्र खडस होती. पुस्तकात तिला महाशीर म्हणतात. मोठमोठ्या खवल्यांचा, सोनेरी झाक असलेला, वाहत्या गार पाण्यातला मासा. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, अंबाडीच्या पलीकडच्या एका खेड्यातून लूमवर काम करायला भिवंडीत आलेले. त्यांच्या लहानपणी तानसा नदीत माणसाच्या मांडीएवढी खडस दिसायची. मी नोकरीला लागले तोवर जाळ्यात वीतभर मिळायची, तीही नशीब असेल तर. धरणं झाली, माशांच्या वर चढायच्या वाटा बंद झाल्या. उन्हाळ्यात डोहात ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारायची नवी टूम निघाली. कटला कुठेही वाढतो, पण खडस एकदा गेली की गेली. हे मी साहेबांना इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी त्यांनी हात टेकले. सावलीतली एक टाकी मला देऊन म्हणाले, "हौस फिटली की परत करा."

टाकी मिळाली, नर लहान असतानाच वयात येतात म्हणून तेही खटपट करून नदीतून मिळाले, पण अंडी घालण्याजोगी मोठी मादी आणायची कुठून? तशा माद्या एकाच जागी उरल्या होत्या. दादांच्या गावाशेजारी नदीला एक कोंड आहे, खोल, कधीच न आटणारा. काठावर महादेवाचं देऊळ. कोंडातले मासे देवाचे, त्यांना कोणी मारत नाही. एखादा मेलेला सापडला तर वाळूत पुरतात, आणि त्या दिवशी गावात चूल उशिरा पेटते. देवळाची पूजा गुरवाच्या घराकडे आणि कोंडाची राखण त्या घरातल्या बाईकडे. रोज सकाळी माशांना भात घालायचा, कोणी गळ टाकत नाही ना ते बघायचं, पूर ओसरला की शेतांत अडकलेले मासे शोधून परत आणून सोडायचे. मी गेले तेव्हा ही राखण एका विधवा गुरवीण मावशींकडे होती. पन्नाशीच्या, बारीक, बोलायला तुटक. राखण सासूकडून त्यांच्याकडे आलेली. मूलबाळ नव्हतं. स्वतःचं म्हणावं असं त्यांच्याजवळ तेवढंच होतं.

गावाने देवळापुढे बसून माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि मग नाही म्हणून सांगितलं. माझं आडनाव ऐकल्यावर दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं, तेही माझ्या नजरेतून सुटलं नाही. दादांच्या लहानपणी आमच्या लोकांना त्या कोंडात उतरू देत नसत. आमचं पाणी खालच्या अंगाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गुरवीण मावशी पायरीवरून म्हणाल्या, "पिल्लां व्हतील न्हवं? मंग बालंतपनाला नेते आसं समजा. पोर न्हाय का म्हायेरला जात?"

"आनि परत न्हाय आली तं?" पोलीस पाटलांनी विचारलं.

"माज्या जबाबदारीवर नेऊ द्या. न्हाय आली तं राखन काडून घ्या."

असं ते ठरलं. दिवाळी उरकली की मादी पिल्लांसकट परत यायची, आणि जिवंत यायची. नाही आली तर राखण मावशींच्या हातून जाणार. मी म्हटलं, एवढी टोकाची अट कशाला घालून घेता? त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तुला मासा पायजे का न्हाय?"

श्रावणात पाऊस जरा उघडला तेव्हा आम्ही मादी काढली. पोटात अंडी भरलेली, अंग जड, जाळ्यात आली तेव्हा फारशी धडपडलीही नाही. पत्र्याच्या ड्रमला आतून आमच्या घरच्या जुन्या, मऊ झालेल्या चादरी लावल्या होत्या, खवले पत्र्याला घासू नयेत म्हणून. निघताना मावशींनी मला थांबवलं आणि माझी ओटी भरली. मी म्हटलं, माझी कशाला? म्हणाल्या, "तिची भरताव. तिला पदर हाय का?" आमच्या बौद्ध घरात ओटी कधी कोणी भरली नव्हती. मी ओढणी पुढे केली. तांदूळ आणि नारळ घेऊन भिवंडीला आले, आणि दादांनी तो नारळ फोडायला कोणालाच दिला नाही.

मादीची अंडी काढायचं काम मी आणि आमचा टाकीवाला मदतनीस, दोघांनी केलं. तो माझ्यापेक्षा वयाने मोठा, शांत गडी. एकाने ओल्या चादरीत तिचं डोकं धरायचं, दुसऱ्याने पोटावरून अंगठा शेपटीकडे हलका उतरवत न्यायचा. ती तयार असेल तर जोर लावावा लागत नाही. बाजरीच्या दाण्याहून जराशी मोठी, पिवळी अंडी कोरड्या थाळ्यात घरंगळत आली. त्यावर नराचं दूध, म्हणजे वीर्य, मग पिसाने ढवळणं, मग पाणी. मी हे पहिल्यांदाच करत होते आणि मदतनीस माझ्याकडे बघायचं टाळत होता, हे मला अजून आठवतं. त्याचे उपकार मानायचे राहून गेले.

पुढचं काम कंटाळ्याचं आणि जीव टांगणीला लावणारं. खडशीची अंडी ट्रेमध्ये पसरायची, वरून सतत बारीक धारेने पाणी सोडायचं आणि मेलेली, पांढरी पडलेली अंडी चिमट्याने वेचत राहायचं. नाहीतर त्यांची बुरशी जिवंत अंड्यांना धरते. भिवंडीत वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. पण ती गेल्याचं कळायला दिवा बघावा लागत नसे. आसपासच्या सगळ्या लूमची खटखट एकदम थांबायची, आणि तिच्याबरोबर आमचा पंपही थांबलेला असायचा. मग विहिरीतून बादल्या ओढायच्या आणि भोक पाडलेल्या डब्यांतून ट्रेवर धार धरायची. शेजारच्या लूमचे मालक कोकणी मुसलमान, भल्या मनाचे चाचा. वीज नसली की त्यांचे कामगारही मोकळेच असत. ते त्यांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, "चला रे, बाईंच्या माशांना पाणी पाजू." त्यांच्याकडे ते मासे 'बाईंचे' होते, कोंडावर ते देवाचे होते, आणि साहेबांच्या कागदात ते प्रायोगिक होते.

पिल्लं निघाली. सगळी नाहीत, पण पुष्कळ. आधी उजेडाकडे पाठ करून ट्रेच्या कोपऱ्यात गठ्ठा करून पडली. पोटाची पिवळी पिशवी विरली तशी सुटी सुटी होऊन पाण्याच्या धारेसमोर तोंड करून उभी राहू लागली. कोणी शिकवलं नव्हतं. मी घरी जाऊन ते आईला सांगितलं आणि सांगता सांगता रडले. आई म्हणाली, जेव आधी.

मादीही सावरली होती. सावलीतल्या टाकीत ती तळाशी एका जागी तरंगत असायची, आणि दादा शुक्रवारी तिला बघायला यायचे. शुक्रवारी लूमला सुट्टी. एरवी कधी माझ्या कामात रस न दाखवलेला हा माणूस टाकीच्या कठड्यावर हात ठेवून तासन्‌तास उभा राहायचा. एकदा म्हणाले, "त्या कोंडात मी पाय बुडवला न्हाय कधी. आनि त्यातली लेक माज्या लेकीकडं बालंत झाली." मी त्यांना टाकीवरची जाळी धरायला सांगितली.

परत पाठवायचा दिवस आम्ही दादांच्या सोयीने शुक्रवारच धरला. पिल्लं बोटाच्या पेरापेक्षा मोठी झाली होती. निम्मी कोंडात सोडायची, निम्मी केंद्रात ठेवून मोठी करायची, असं साहेबांशी बोलून ठरलं होतं. सकाळपासून मी शेडमध्ये पिशव्या भरत होते: थोडं पाणी, पिल्लं, वर ऑक्सिजन, रबराने गच्च बांधायचं. ड्रम धुवायचं काम मदतनीसाकडे आणि त्याला आतून चादरी लावायचं दादांकडे होतं. मादीला ड्रममध्ये घातलं तेव्हा मी टेम्पोत पिशव्या रचत होते. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, दादा मागे ड्रमपाशी. अंबाडीला चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, ठीक आहे ना? दादा म्हणाले, "बरी हाय. पानी हिंदकलतंय, फेस येतो जरा." रस्ता तसा होताच. मी हो म्हटलं.

कोंडावर सगळं गाव जमलं होतं. बायकांनी नव्या साड्या नेसल्या होत्या. गुरवीण मावशी पाण्यालगतच्या पायरीवर भाताचं पातेलं घेऊन उभ्या होत्या, आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. टेम्पोचं फळकं पाडलं, ड्रमचं झाकण काढलं. आत पाणी दिसत नव्हतं, फेस दिसत होता. हात घातला तर पाणी बुळबुळीत लागलं. फेस बाजूला सारला तेव्हा दिसलं, ड्रमला आतून पांढरंशुभ्र नवं कापड लावलेलं होतं, लाल काठाचं. मादी एका कुशीवर आडवी झाली होती.

कापड दादांनी स्वतः चालवत त्या लूमवर विणलेलं होतं. मालकाला सांगून, सुट्या वेळात. बाळंतीण सासरी परत जाते तेव्हा तिला नवं नेसवतात, बाळाला बाळंतविडा देतात. जुन्या चादरीत गुंडाळून कोणी पाठवत नाही. त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं, मला तर नाहीच. आणि लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडात खळ असते. सूत तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये लावतात. तिच्यात पीठ असतं, चरबी असते, कापडाला बुरशी लागू नये म्हणून औषधही असतं. दादांचं आयुष्य त्या खळीच्या वासात गेलं. कापडाला खळ असायचीच, हे त्यांना इतकं ठाऊक होतं की त्याचा वेगळा विचार करायचं त्यांना सुचलंही नसेल. आणि सुचलं असतं तरी त्यांनी ते कापड धुतलं नसतं. धुतलेलं कापड आहेरात देतं का कोणी?

मी तिला उचलून पाण्यात उतरले. वाहत्या धारेकडे तोंड करून दोन्ही हातांनी सरळ धरलं, पुढे-मागे हलवत राहिले, म्हणजे कल्ल्यांतून स्वच्छ पाणी जाईल. मध्ये एकदा तिने शेपटी हलवली. काठावरून कोणीतरी "आली, आली" म्हणालं. मग हातातलं वजन बदललं. जिवंत माशाचं वजन आणि मेलेल्याचं वजन वेगळं लागतं. मी तरी तिला धरूनच उभी होते, कारण वर बघायची माझी हिंमत नव्हती.

वर पोलीस पाटील विचारत होते, काय झालं. मी काहीतरी शास्त्रीय बोलून वेळ मारून नेली असती. पण दादा चपला काढून पुढे आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कापड माजं. नवं व्हतं, खल धुतली न्हवती. पोरीला ठाव न्हवतं." एवढं बोलून ते तिथेच खाली बसले. गर्दीत कुजबुज सुरू झाली. कोण कुठला, कोणाच्या हातचं कापड, हे शब्द मला ऐकू आले. मी पाण्यातूनच काहीतरी बोलायला गेले तर गुरवीण मावशींनी हात वर करून मला गप्प केलं.

त्या दादांसमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दादानू, लेकीला नवं नेसवूनच धाडत्यात. मी आस्ते तं मी पन त्याच केलं आस्तं." मग पोलीस पाटलांकडे वळून भाताचं पातेलं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "ठरल्यालं हाय ता करा. पन आदी पिल्लां सोडा, पिशवीत जीव घाबरला आसंल त्यांचा."

पिल्लं आम्ही सोडली. ती सगळी जिवंत होती. पायरीजवळ क्षणभर घुटमळली आणि मग प्रवाहाकडे तोंड करून उभी राहिली. मादीला वाळूत पुरलं. त्याच संध्याकाळी राखण पाटलांच्या भावकीतल्या एका घराकडे गेली. मी भांडले. म्हटलं, पिल्लं दिसत नाहीत का तुम्हाला, एकीच्या जागी शेकड्यांनी आली आहेत. ते म्हणाले, बोलणं मादीचं झालं होतं. त्यांचं चुकत नव्हतं, आणि मला त्यांचा राग आला तो अजून गेलेला नाही. निघताना मावशी मला एवढंच म्हणाल्या, "आता पुन्हा कोनाला न्यायला येऊ नको, बाय."

मी नेलं नाही. केंद्रात ठेवलेली निम्मी पिल्लं मोठी व्हायला काही वर्षं गेली. नव्वदचं दशक सुरू झालं, साहेब बदलले, नव्या साहेबांना टाकी परत हवी होती. मी भांडून ती ठेवून घेतली. त्याच मादीच्या लेकींनी पुढे आमच्या टाकीत अंडी दिली आणि त्यांची पिल्लं आम्ही तानसेत वेगवेगळ्या ठिकाणी सोडली. ती किती जगली कोणाला सांगता येणार नाही. नदीत सोडलेला मासा परत येऊन हजेरी देत नाही.

दादांनी लूम सोडला नाही, पण केंद्रावर यायचं सोडलं. शुक्रवारी घरीच बसत. मी कोंडावर पिल्लांची पाहणी करून आले की एकच विचारत, "मावशी बऱ्या हायत का?" बऱ्या आहेत, मी म्हणायची. त्या घटनेनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी गेले, तेव्हा राखण ज्याच्याकडे गेली होती तो गृहस्थ माझ्याकडे तक्रार घेऊन आला. त्याच्या भाताला मासे येत नव्हते. तो पायरीवर उभा राहून हाका मारायचा आणि मासे पलीकडच्या काठाला, पाणवठ्याच्या वाटेखाली गोळा व्हायचे, तिथे कोणी काही टाकत नसताना. नंतर नंतर मात्र आपसूक यायला लागले, असंही तो म्हणाला.

परतताना मला मावशी भेटल्या, डोक्यावर हंडा, टेकाडामागच्या चढाच्या वाटेवर. पाणवठा त्यांच्या घरापासून कोंडाच्या काठाकाठाने अगदी जवळ. ही वाट तिपटीने लांब आणि सगळी उन्हातली. मी म्हटलं, मावशी, इकडून कशाला?

हंडा खाली न ठेवताच त्या म्हणाल्या, "त्या वाटंनं गेली का माज्या पायाचा आवाज वलखतात. समदी भायेर येतात, मोठ्यांच्या मागं तुजी बारकी पन. माज्या हातात तं काय नस्तं. मंग तशीच उपाशी थांबतात, त्याचा भात खात न्हाईत." जरा थांबून म्हणाल्या, "ईसरतील हलूहलू. आता निम्मी त्याच्याकडं भाताला जातात."

मी हंडा घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही आणि चढ चढून गेल्या.

घरी आल्यावर दादांनी नेहमीचं विचारलं. मावशी बऱ्या आहेत, मासे बरे आहेत, भात रोज घातला जातो, असं मी सांगितलं. ते सगळं खरंच होतं. लांबच्या वाटेचं मात्र मी त्यांना ते असेपर्यंत कधी सांगितलं नाही.